सणाला एकटे असाल तर

दिवाळी आली, पण रजा नाही. बायकापोरे गावी, आपण मुंबईत. अशा दिवशी नुसता वडापाव खाऊन झोपू नये, असे आम्हांला वाटते. गोडाचे जेवण माफक पैशांत मिळते.

ही सोय जुनी आहे. गावाहून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना गिरणगावातल्या बाया घरी रांधून जेवू घालीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण खानावळी काही गेल्या नाहीत.

मात्र चौकशी आदल्या दिवशीच करावी. पुष्कळ खानावळी सणाला दुपारी ‘फीस्ट’ देतात आणि रात्री बंद ठेवतात. आचारी-वाढप्यांनाही घर आहेच की! काही तर चार दिवस उघडतच नाहीत.

बसण्याआधी पाटीवरचा दर वाचावा. शिकलेली अक्षरे इथे कामी येतात. ‘लिमिटेड’ थाळीत पोळ्या मोजून मिळतात, वर मागितली की पैसे वेगळे. श्रीखंडाची वाटी थाळीतच आहे की निराळी, तेही विचारावे. विचारायला लाज कसली? वाढपी सांगतो.