बाई, तुमचं पाऊल वाजतं!

आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरचा व्हरांडा लांबच लांब आहे. जिन्यापासून आठवी ‘ब’चा वर्ग म्हणजे चांगली साठ-सत्तर पावले. गेली सत्तावीस वर्षे मी त्या व्हरांड्यातून चपला वाजवीत जाते आहे. माझ्या चपलांचा आवाज जिन्याशी आला की वर्गातला गलका आपोआप खाली बसतो. छडी मी कधी हातात धरली नाही. चपला होत्या ना!

गेल्या वर्षी सहामाहीच्या सुमारास मधल्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, रागावणार नाही ना? तुमचं एक पाऊल वाजतं. पूर्वी टक्-टक् यायचं, आता टक्-फट् येतं.”

मी हसून म्हटले, “चपलेचा अंगठा तुटायला आला असेल.”

चपलेचा अंगठा शाबूत होता. तुटायला आले होते ते निराळेच, आणि ते मला अर्धेमुर्धे ठाऊकही होते. उरलेले अर्धे जाणून घ्यायची भीती वाटत होती, म्हणून मी गप्प होते.

झाले होते असे. गौरी-गणपती आटोपल्यावर एके दिवशी शाळेच्या कपाटातल्या अगदी खालच्या कप्प्यातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलायला मी वाकले. उठताना कमरेत काहीतरी चमकले. दोन दिवस कमरच दुखली. तिसऱ्या दिवशी कमरेचे दुखणे ओसरले आणि डाव्या कुल्ल्यातून कळ निघाली ती मांडीच्या बाहेरच्या बाजूने, पोटरीच्या कडेने, पावलाच्या वरच्या अंगाने थेट अंगठ्यापर्यंत. शिंक आली तरी विजेचा झटका बसावा तशी ती कळ धावे.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. जाऊबाईंनी निर्गुडीचे तेल पाठवले. खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी “मलाही सायटिकाच आहे” असे सांगून धीर दिला. आमचे ‘हे’ म्हणाले, “अगं, चार दिवस रजा टाक आणि पडून राहा.” मला मात्र लहानपणी पाहिलेले मामा आठवत होते. पायाला वजने टांगून ते महिनोन् महिने खाटेवर पडून होते. खोलीत तेलाचा आणि औषधांचा वास असे. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना मला त्या खाटेवर जायचे नव्हते. म्हणून मी दुखणे अंगावर काढले आणि लंगडत शाळेत जात राहिले.

या लंगडण्याला संस्कृतात फार जुने नाव आहे, आणि ते मी वर्षानुवर्षे केवळ शब्द म्हणून ओळखत होते: गृध्रसी. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात ही व्यथा कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते, असे सांगितले आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असे वैद्य सांगतात. आमच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या आरशापुढून जाताना मी एकदा स्वतःला पाहिले. धड एका अंगाला कललेले, गुडघा वाकलेला, टाच जमिनीला टेकते न टेकते, आणि दुखऱ्या पायावरून उडी मारल्यासारखे चांगल्या पायावर येणे. व्युत्पत्ती पटली!

शेवटी त्या मुलीच्या बोलण्याने गाठ सैल झाली. त्याच आठवड्यात रस्त्याने जाताना डाव्या पायातली चप्पल केव्हा निसटली ते मला कळलेच नाही. मागून एक भाजीवाली ओरडली, “ओ ताई, चप्पल राह्यली की!” मी पाहिले तर चप्पल दहा पावले मागे. पायाला पत्ताच नव्हता. संध्याकाळी ‘ह्यां’ना सगळे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

मला वाटले होते, आता फोटो काढा, तपासण्या करा असे सुरू होईल. डॉक्टर म्हणाले, “आधी चालून दाखवा.” मग म्हणाले, “आता नुसत्या टाचांवर चाला.” उजवा चवडा वर राहिला, डावा खाली यायला लागला. “आता चवड्यांवर.” ते जमले. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून त्यांनी तो एका बोटाने दाबला, तर तो बिचारा लगेच नमला. मग उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून, पाय हळूहळू वर उचलला. थोडा वर जातो न जातो तोच मी ओरडले.

या शेवटच्या परीक्षेची एक गंमत मला पुढे वाचायला मिळाली. जगभर ती लासेग या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते. ती प्रसिद्ध केली त्याच्या फोर्स्ट नावाच्या शिष्याने, 1881 च्या प्रबंधात, गुरूचे नाव पुढे करून. आणि त्याच्याही आधी, 1880 साली, सर्बियातल्या लाझा लाझारेविच या डॉक्टरांनी तिच्यावर लिहिले होते. हे लाझारेविच त्यांच्या भाषेतले नामांकित कथाकारही होते. भाषेच्या बाईला हे वाचून बरे वाटले, एवढेच.

डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावले. सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या तीन मुळ्या एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून पायात उतरते. मणक्यांमधली गादी फुगून किंवा फाटून बाहेर आली की एखादी मुळी दाबली जाते, तिच्याशी दाह होतो, आणि दुखते मात्र पायात. हे दुखणे या नसेचे आहे असे नेपल्सच्या कोतुन्यो यांनी 1764 साली मांडले. पण गादीचा दोष ठसठशीतपणे दाखवला तो बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी, 1934 साली.

“आणि पाऊल का वाजतं?” मी विचारले.

आपण चालताना आधी टाच टेकवतो. मग नडगीचे स्नायू चवड्याला आवरून धरतात आणि अलगद खाली ठेवतात. कमरेची पाचवी मुळी दाबली गेली की हे स्नायू ढिले पडतात आणि चवडा धपकन आपटतो. अंगठा चपलेला धरून ठेवू शकत नाही. जास्त झाले तर पाऊल लोंबते आणि माणूस जिना चढत असल्यासारखा गुडघा उचलून चालतो. त्याखालची, त्रिकास्थीची पहिली मुळी दाबली गेली तर दोष उलटा: टाच उचलून शरीर पुढे ढकलण्याचा जोर जातो आणि चवड्यावर उभे राहता येत नाही. गुडघा वाकवून चालायचे कारण तर साधेच. पाय सरळ करून पुढे टाकला की नस ताणली जाते. शरीर न सांगता तिला सैल सोडते. म्हणजे माझी मुळी कोणती, हे डॉक्टरांना कळायच्या आधी आठवी ‘ब’ला कळले होते!

डॉक्टर मात्र हसले नाहीत. “दुखतंय म्हणून थोडं थांबलात, तर चालतं. पाऊल आपटायला लागलं की त्याच दिवशी यायचं. तीन आठवडे काय करत होतात?” मी विद्यार्थिनीसारखी मान खाली घातली. पुढे त्यांनी एक गोष्ट ‘ह्यां’नाही बोलावून सांगितली. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या बैठकीवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर रात्र असो की सण, तडक इस्पितळात. ही शस्त्रक्रिया थांबायची नसते.

माझ्या पायाची ताकद थोडीच गेली होती. “दर आठवड्याला दाखवा. आणखी कमी झाली तर शस्त्रक्रिया, नाही झाली तर वाट पाहू,” असे ठरले. एमआरआयमध्ये गादी दिसली, जिथे दिसायला हवी होती तिथेच.

मी मामांच्या खाटेचा प्रश्न विचारला. खाटेची गरज नाही, हे ऐकून मला रडूच आले. हॉलंडमध्ये सायटिकाच्या 183 रोग्यांवर केलेला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, बाकीच्यांना हिंडूफिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्हीकडचे शेकडा 87 लोक सुधारले होते. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. मामांचे ते महिने आठवून मला वाईट वाटले.

तेव्हा चालायचे, पण हट्टाने नव्हे. सपाट रस्त्यावर, लहान पावलांनी, दिवसातून चार वेळा. कळ खाली पावलाकडे सरकू लागली की थांबायचे. पायातून वर कमरेकडे सरकली तर ते चांगले लक्षण. खुर्चीत फार वेळ बसायचे नाही. आमच्या दारापासून शाळेपर्यंत विजेचे एक्केचाळीस खांब आहेत. पहिल्या दिवशी मी चौथ्या खांबाशी परत फिरले. दिवाळीच्या पहाटे अकरावा गाठला. ‘हे’ शेजारून चालत होते. घड्याळ दाखवायचे नाही, अशी अट मी घातली होती.

अण्णांना मी ओढून त्याच डॉक्टरांकडे नेले, कारण त्यांची चाल माझ्यासारखी नव्हती. ते चालायला लागले की दोन्ही पाय जड होत. कठड्यावर बसले की पाच मिनिटांत मोकळे. बाजारात हातगाडीवर ओणवे झाले की बरे वाटे, आणि सायकल तर तासभर चालवीत. त्यांच्या मणक्याची नळीच वयोमानाने अरुंद झालेली निघाली. वाकले की ती थोडी रुंदावते. मला वाकणे नको, त्यांना वाकणे हवे. आणि महिनाभर आम्ही एकमेकांचे व्यायाम करीत होतो!

दर आठवड्याला डॉक्टर अंगठा दाबत आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. चौथ्या खेपेला अंगठा त्यांच्या बोटाशी थोडा झगडला. माघात मी एक्केचाळिसावा खांब गाठला. आजही टाचांवर चालताना डावा चवडा उजव्याहून किंचित खाली राहतो. तो तसाच राहील कदाचित. चपला मात्र सुटल्या. नाडी बांधायचे रबरी तळव्याचे बूट आले. साडीखाली ते कसे दिसतात यावर शिक्षकांच्या खोलीत जे बोलणे झाले, ते इथे लिहीत नाही.

परवा मी आठवी ‘ब’च्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा आत बाकावर उभी राहून एक मुलगी हुबेहूब माझी नक्कल करीत होती, चष्म्यासकट. मी खोकले. ती खाली उतरली, लाल झाली, आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “बाई, पण तुम्ही आता वाजतच नाही!”