शाई भरण्याचा खटाटोप

मराठीचा मास्तर आणि इंजेक्शनची सिरिंज यांचा काय संबंध, असा प्रश्न आमच्या काटोलच्या औषधांच्या दुकानदाराला पडला, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. मी पाच मिलिलिटरच्या चार सिरिंजा मागितल्या तेव्हा त्याने आधी माझ्याकडे आणि मग मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहिले. "घरी कोणाला बरं नाही का सर?" त्याने आवाज खाली आणून विचारले. "प्रिंटरला बरं नाही," मी म्हणालो. तो हसला नाही. पुड्या बांधून देताना त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती प्रिंटरविषयी नसावी, एवढे मला कळले.

पण गोष्ट पहिल्यापासून सांगितली पाहिजे.

माझी आई आज शहात्तर वर्षांची आहे. काटोल तालुक्यातल्या खेड्यांतून तिने पस्तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली आणि २००७ साली ती निवृत्त झाली. सरकारी नोंदवह्या ती सरकारला देऊन आली. पण स्वतःची म्हणून तिने सात वह्या लिहिल्या होत्या, त्या मात्र पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. ज्या ज्या बाळंतपणाला ती हजर होती त्याची त्यांत दोन-दोन ओळींची नोंद आहे : तारीख, गाव, मुलगा की मुलगी, वजन आणि वेळ. जिथे बाळ किंवा बाळंतीण हाती लागली नाही, तिथे नोंदीखाली तांबड्या शाईची एक आडवी रेघ. बाकी काही शब्द नाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला वयाचा विकार जडला. समोरचे दिसत नाही, कडेचे दिसते. वर्तमानपत्र सुटले, निवडटिपण सुटले. पण रोज दिवेलागणीला ती पेटी उघडून बसायची आणि वहीवरून नुसता हात फिरवायची. शेवटी मी ठरवले की या वह्या संगणकावर उतरवून काढायच्या आणि ठळक, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत छापून तिच्या हाती द्यायच्या. कागद जरा तिरका धरला की अशी अक्षरे तिला लागतात.

आता घाई का, ते सांगतो. आईने वह्या लिहिल्या त्या साध्या निळ्या शाईने. ही शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. धुतली की जाते, म्हणून शाळकरी मुलांच्या आयांना ती प्रिय. पण एका पावसाळ्यात क्वार्टरचे कौल गळाले आणि तीन वह्यांची पाने भिजली. तिथे आता अक्षरांऐवजी निळे ढग आहेत. त्या ढगांत काय होते ते फक्त आईला आठवते, आणि तेही रोज थोडे कमी आठवते.

तर असा उद्योग ऐन रंगात आला असताना, १९७९ सालाच्या मध्यावर, प्रिंटरची काळी शाई संपली. मोठे अक्षर शाई पिते हो! एरवी दोनशे पाने सहज काढणारे कार्ट्रिज साठ पानांतच धापा टाकू लागले. पाठोपाठ रंगीतही आटले. दोन्ही नवी घ्यायची तर प्रिंटरच्या निम्म्या किमतीच्या घरात रक्कम जाते. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला दिवाळीचा बोनस नसतो. म्हणून नागपूरला सीताबर्डीवर जाऊन मी शाईच्या चार बाटल्या घेऊन आलो. साठ किलोमीटरच्या परतीच्या प्रवासात त्या मांडीवर धरून बसलो होतो.

मास्तरकीचा दोष म्हणा, पण वाटेत शब्दच डोक्यात घोळत होते. कार्ट्रिज म्हणजे आपले काडतूस. तो शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. दौत अरबीतून आली. शाई आली फारसीतून, आणि तिचा मूळ अर्थ काळेपणा. म्हणजे 'लाल शाई' म्हणताना आपण काय म्हणतो त्याचा विचार न करणेच बरे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. बोरू कसे निवडावेत, टाक कसे तोडावेत, हिंगूळ संग्रही ठेवावा, इतकेच काय, पानाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. कौलांच्या गळतीवर मात्र त्यांच्याकडेही उपाय नसावा.

त्या काळची पोथीची शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि डिंक. गंमत अशी की पुष्कळ प्रिंटरांच्या काळ्या शाईत आजही काजळीचेच भाऊबंद असतात : कार्बनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले. कण कागदाच्या तंतूंत रुतून बसतात, म्हणून ते उन्हाला भीत नाहीत आणि पाण्याला सहसा दाद देत नाहीत. रंगीत शाया मात्र बहुधा विरघळलेल्या रंगाच्या, आईच्या निळ्या शाईच्या कुळातल्या. बाटली घेताना हे विचारून घ्यावे. कणांच्या शाईच्या जागी विरघळणारी काळी शाई भरली तर अक्षर उमटते खरे, पण पेल्याचा ओला बूड टेकताच पुन्हा ढग! मी दुकानदाराला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा तो चिडला.

माझ्या वडिलांच्या लहानपणी शाई घरीच होई. शाईची वडी पाण्यात टाकायची, काडीने ढवळायची, दौत भरायची. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंदराव यांनी 'हॉर्स' छापाची शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे फाउंटन पेनसाठी त्यांची 'कॅमल' शाई निघाली आणि त्यातूनच कॅमलिन हे नाव महाराष्ट्राच्या दप्तरादप्तरांत गेले. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला. पण सांगायचा मुद्दा असा की शाई संपली म्हणून कोणी दौत फेकून देत नसे. आता दौत फेकून नवी घ्यावी अशीच रचना आहे. अमेरिकेत या प्रश्नावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लेझर प्रिंटरची रिकामी कार्ट्रिजे भरून विकणाऱ्यांविरुद्ध लेक्समार्क कंपनी लढत होती. एकदा वस्तू विकली की पेटंटच्या जोरावर गिऱ्हाइकाला बांधून ठेवता येत नाही, असा निकाल मे २०१७ मध्ये लागला. हे मी सौ.ला मोठ्या अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण जेवणाच्या टेबलावर नको."

मी जेवणाच्या टेबलावरच बसलो.

आमच्या प्रिंटरच्या कार्ट्रिजच्या पोटात स्पंज असतो. शाई त्यात धरून ठेवलेली असते, म्हणून खाली उघडी छिद्रे असूनही ती टपकत नाही. प्रत्येक छिद्रामागे केसाहून बारीक तापक असतो. तो क्षणाच्या लाखाव्या भागात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा एक थेंब बाहेर ढकलतो. हे थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. पिकोलिटर म्हणजे लिटरचा लाख-कोटीवा भाग. ही युक्ती सुचली तीही सिरिंजमुळेच. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंगची इस्त्री चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. तिथल्या लोकांनी त्यातून यंत्र काढले. माझ्या टेबलावर शाई उडाली, त्यातून फक्त भांडण निघाले.

त्याचे असे झाले. वरचे लेबल सोलले की छिद्र दिसते. त्यात सुई घालून मी पाचच्या पाच मिलिलिटर एका दमात आत लोटली. स्पंजला प्यायला उसंतच मिळाली नाही. शाई खालून निघाली, टेबलक्लॉथवर पसरली आणि चिवड्यासाठी काढून ठेवलेल्या पोह्यांच्या डब्यापर्यंत जाऊन थांबली. रंगीत कार्ट्रिजचा प्रकार त्याहून वाईट. त्यात तीन कप्पे : निळा, किरमिजी, पिवळा. कुठल्या छिद्राखाली कुठला रंग, हे आधी दात कोरायची काडी बुडवून पाहायचे असते. मी ते अंदाजाने ठरवले आणि निळी शाई पिवळ्याच्या कप्प्यात गेली. कागदावरचा तांबडा हा किरमिजी आणि पिवळा मिळून होतो. पिवळ्यात निळा घुसल्यावर आईची तांबडी रेघ जांभळी उमटली.

"आजी, रेघ जांभळी आली," आमची कन्या म्हणाली. मी तिला डोळ्यांनी दटावले, पण उशीर झाला होता.

आई म्हणाली, "जांभळी नको. ते लालच पायजे." आणि बराच वेळ काही बोलली नाही. रंगीत कार्ट्रिज मला शेवटी नवेच आणावे लागले.

काळ्याचा दुसरा प्रयत्न मी मागच्या पडवीत केला. आई खाटेवर बसली होती. तिला माझे हात नीट दिसत नव्हते. पण सिरिंजचा दट्ट्या ओढल्याचा आवाज तिने ओळखला.

"काऊन रे, कोणाले टोचून राहिला?"

मी सांगितले.

"हवा काढली का आधी?"

काढली नव्हती. शाईबरोबर हवा आत गेली की छापताना पांढऱ्या चिरा पडतात, हे मला मागाहून कळायचे होते. तिने हात पुढे केला. मी सिरिंज दिली. सुई वर धरून तिने बोटाने दोन टिचक्या मारल्या, दट्ट्या जरासा दाबला, टोकाशी आलेला थेंब अंगठ्याला लागल्यावर थांबली. मग डाव्या हाताच्या बोटाने कार्ट्रिजवरचे छिद्र चाचपले आणि सुई आत घातली. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या काळापासून तिच्या हाताने किती सुया टोचल्या असतील याचा हिशेब त्या सात वह्यांतही नाही. दट्ट्या इतका हळू सरकत होता की तो सरकतो आहे की नाही तेच मला समजेना.

"मी दाबू का?"

"दम खाय जरा. पेशंटले दुखते." आणि थोड्या वेळाने, "बस. आता घेत नाही थे." तिने सुई बाहेर काढली. सिरिंजमध्ये अजून एक मिलिलिटर शिल्लक होती.

खालची बाजू ओलसर सुती फडक्यावर टेकवली, तेव्हा छिद्रांचा पट्टा स्वच्छ काळा उमटला. सोनेरी ठिपके कोरडे पुसले, कार्ट्रिज रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी बसवले. प्रिंटर शाई संपल्याचेच सांगत राहिला. तो शाई पाहत नाही, सोडलेल्या थेंबांचा हिशेब मांडतो, तेव्हा त्याचे ऐकायचे नसते. मात्र खरोखरच कोरडे पडेपर्यंत छापत राहू नये. शाई नसली की ते बारीक तापक जळतात, आणि मग कितीही भरली तरी व्यर्थ.

पहिल्या पानावर दोन चिरा होत्या. दुसऱ्यावर एकही नाही.

आता आमचा क्रम ठरला आहे. दिवेलागणीला मी वही उघडतो, ती शेजारी बसते. दर आठवड्याला कार्ट्रिज तिच्या हाती जाते. कन्या तिच्यासाठी सिरिंज भरून ठेवते, पण हवा काढायचे काम आजी कोणाला देत नाही. परवा आम्ही १९८३ च्या पावसाळ्याशी आलो. पान अर्धे निळे. तारीख होती, गावाचे नाव होते, खाली तांबडी रेघ नव्हती. मधल्या ओळींचा मागमूस नव्हता.

"इथे काय होते ग?" मी विचारले. वाटले, आता हेही गेले.

तिने मान तिरकी करून पानाच्या कडेकडे पाहिले. पुष्कळ वेळ गेला. बाहेर संत्र्यांचा एक ट्रक गेला.

"जामले पूर होता," ती म्हणाली. "बाई अल्याडच अडकली. शाळेच्या वऱ्हांड्यात खाट टाकली होती. लिही. पोरगी. पाच पौंड. रात्रीचे तीन."

मी टंकू लागलो.

"आणि हे पण लिही का कंदिलातलं तेल संपलं होतं."