जागच्या जागी धावणारी खुर्ची

स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत खिडकीशी बसल्यावर एक अनुभव जवळजवळ प्रत्येकाला आलेला असतो. शेजारच्या रुळावरची गाडी हलू लागते आणि क्षणभर वाटते, सुटली आपली गाडी! मग नजर दुसऱ्या बाजूच्या फलाटाकडे जाते. चहाची टपरी, हमाल, बाकडे, सगळे जिथल्या तिथे असते आणि आपण स्वतःशीच हसतो. डोळ्यांनी आपल्याला फसवलेले असते. पण ती फसवणूक फार वेळ टिकत नाही. कारण गाडी सुटताना पाठीला जो हिसका बसायला हवा, तो बसलेलाच नसतो.

त्या एका हिसक्यासाठी आज जगभरातली कितीतरी हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर, नाहीतर झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात एक विलक्षण यंत्र उभे करत असतात. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर गाडीतली एखादी जुनी सीट, हाताशी स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि नजरेसमोर संगणकाचा पडदा. इथपर्यंतचा थाट व्हिडिओ गेमचाच. फरक आहे तो खाली. चौकटीच्या चार कोपऱ्यांखाली विजेवर चालणारे चार पाय असतात. त्यांना ॲक्च्युएटर म्हणतात. संगणकाच्या हुकमाबरोबर प्रत्येक पाय काही सेंटिमीटर वर-खाली होतो. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की खुर्ची दचकते, वळणावर कलते, ब्रेक दाबला की पुढे झुकते. बसणारा मात्र खोलीबाहेर एक पाऊलही गेलेला नसतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय वाटणे साहजिक आहे. परंतु या खेळण्याच्या कुळाचा शोध घेतला, तर आपण थेट विमानविद्येच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

पेटीच्या भात्यावरचे विमान

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा वाद्यांचा कारखाना होता. आपोआप वाजणारे पियानो आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजणारे मोठे ऑर्गन तिथे तयार होत. घरातला तरुण मुलगा एडविन लिंक याला विमानाचे वेड लागले होते. पण विमान शिकणे म्हणजे श्रीमंतांचा कारभार. तेव्हा जमिनीवरच थोडेफार शिकता आले तर, या विचाराने तो कामाला लागला. हाताशी होते ते वापरायचे, हा त्याचा खाक्या. आपल्या पेटीला जसा भाता असतो, तसे चामड्याचे भाते ऑर्गनमध्येही असतात. लिंकने बुटक्या विमानाच्या आकाराचा एक खोका केला, त्याच्याखाली भाते बसवले आणि विजेच्या पंपाने त्यांतली हवा कमी-जास्त करून तो खोका कलता, झुकता आणि फिरता केला. हे साल १९२९.

त्या शोधाच्या पेटंटच्या शीर्षकातच शिकाऊ वैमानिकांचे साधन आणि करमणुकीचे उपकरण अशा दोन्ही गोष्टी होत्या. जगाने त्यातला दुसरा भाग आधी उचलला. नाणे टाकून बसायचे खेळणे म्हणून हे खोके जत्रेसारख्या करमणूक केंद्रांत गेले.

दृष्टी बदलली ती १९३४ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने खासगी कंपन्यांचे टपालवाहतुकीचे करार रद्द केले आणि ते काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. ऐन हिवाळा, रात्रीची उड्डाणे, धुके आणि हिमवादळे. केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचा सराव त्या तरुणांना नव्हता. काही आठवड्यांत एकामागून एक विमाने कोसळली आणि सुमारे डझनभर माणसे प्राणास मुकली. देशभर ओरड झाली. त्याच सुमारास लिंक आपले यंत्र समजावून द्यायला नेवार्क विमानतळावर गेला. धुके इतके होते की तो येणार नाही असे समजून अधिकारी परत निघाले होते. तेवढ्यात त्याचे विमान धुक्यातून खाली उतरले. त्या उतरण्यानेच त्याचे म्हणणे सिद्ध केले. लष्कराने सहा यंत्रे मागवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात या निळ्या खोक्यांमध्ये पाच लाखांहून अधिक वैमानिक व विमानकर्मचारी शिकून तयार झाले.

कानातली पाणसळ

धुक्यात वैमानिकाचे नेमके काय चुकते? इथे आपल्या शरीराची एक मोठी गंमत आहे. गती ओळखण्याचे इंद्रिय आपल्या कानाच्या आत आहे. तिथे एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन वक्र नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि आपल्याला वळण्याची जाणीव होते. शेजारी चुन्याच्या सूक्ष्म स्फटिकांनी भारलेल्या दोन पिशव्या असतात. त्या गवंड्याच्या पाणसळीचे काम करतात. आपण किती कललो, किती जोराने पुढे रेटले गेलो, हे त्या सांगतात.

ही यंत्रणा चालण्या-पळण्यासाठी उत्तम, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. एक, वळणे सावकाश आणि सारखेच चालू राहिले तर काही सेकंदांनी नलिकांतला द्रव स्थिर होतो आणि वळणे थांबले असे वाटू लागते. ढगात शिरलेला वैमानिक गिरकी घेत खाली येत असतानाही सरळ चाललो आहोत अशा खात्रीने बसतो, तो यामुळे. दुसरी उणीव अशी की, कलणे आणि वेग वाढणे यांतला फरक त्या पाणसळीला एकटीला कळत नाही. डोळे मिटलेल्या माणसाला खुर्चीसकट हलकेच मागे कलवले, तर पाठीवर येणारा दाब गाडीने वेग घेतल्यावर येतो तसाच असतो.

लिंकच्या खोक्याने वैमानिकांना शिकवले ते हेच: शरीराच्या साक्षीवर विश्वास ठेवू नका, काट्यांवर ठेवा. आणि घरी हलती खुर्ची करणारा हौशी माणूस काय करतो? शरीराची तीच भोळी साक्ष आपल्या मनोरंजनासाठी वापरून घेतो. ज्या उणिवेने धुक्यात माणसे मेली, तीच उणीव नसती तर ही खुर्ची चाललीच नसती.

थोडा हिशेब पाहू. दहा सेकंदांत ताशी ६० किलोमीटरचा वेग घेणारी साधी घरगुती गाडी पाठीला जो रेटा देते, तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७ टक्के असतो. खरोखर तसे धावायचे तर त्या दहा सेकंदांत ८० मीटरहून अधिक अंतर कापावे लागेल. दहा बाय बाराच्या खोलीत ते कसे जमणार? पण खुर्ची दहा अंश मागे कलवली की पाठीवर तेवढाच रेटा येतो. समोरच्या पडद्यावर रस्ता धावत असतो, डोळे म्हणतात वेग, पाठ म्हणते वेग. मेंदू दोघांचे ऐकतो.

मात्र हे कलवणे बेताने करावे लागते. ते सेकंदाला सुमारे तीन अंशांहून जलद झाले की नलिका जाग्या होतात आणि सोंग उघडे पडते. शिवाय एकदा हिसका देऊन झाला की खुर्चीला परत मध्यावर आणून ठेवावे लागते, नाहीतर पुढच्या हिसक्याला जागाच उरत नाही. हे परतणे बसणाऱ्याला कळता कामा नये. चोरपावलांनी परत येण्याची ही कला सिम्युलेटरच्या शास्त्रातला सर्वात नाजूक भाग आहे.

सहा पाय आणि चार पाय

वैमानिकांच्या प्रशिक्षणाची आजची मोठी यंत्रे सहा पायांवर उभी असतात. या रचनेचा उगम विमानात नाही, टायरमध्ये आहे. इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत एरिक गॉफ या अभियंत्याने टायरवर सर्व बाजूंनी ताण देऊन पाहण्यासाठी १९५० च्या दशकात सहा पायांचे यंत्र उभे केले. १९६५ मध्ये डी. स्टुअर्ट यांनी सहा दिशांनी हलणाऱ्या मंचावर निबंध लिहून तो विमानाच्या सिम्युलेटरसाठी सुचवला. नाव पडले ते स्टुअर्ट यांचेच. अशा मंचाला वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकता येते आणि तिन्ही दिशांनी फिरताही येते.

घरगुती खुर्ची एवढा हव्यास धरत नाही. चार उभ्या पायांनी तीन हालचाली साधतात: वर-खाली होणे, पुढे-मागे झुकणे आणि बाजूला कलणे. या छंदातल्या ‘एसएफएक्स-१००’ नावाच्या खुल्या आराखड्याने अशा पायांना मोठी लोकप्रियता दिली. त्याचे कित्येक भाग थ्रीडी प्रिंटरवर घरीच करता येतात. पायाचे मर्म सांगायला सोपे आहे. नळीच्या आत बॉल स्क्रू असतो, म्हणजे असा आट्यांचा दांडा, ज्याच्या नटमध्ये पोलादी गोळ्या घरंगळतात. दांडा एक फेरा फिरला की नट ५ मिलिमीटर सरकतो. ७५० वॅटची सर्व्हो मोटर मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे पाय सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने हलू शकतो. अशी मोटर एका पायावर अडीचशे किलोहून अधिक भार पेलते. माणूस, सीट आणि चौकट मिळून वजन त्याच्या मानाने कितीतरी कमी.

पण पायाची एकूण झेप १० सेंटिमीटरच. दोन पायांत सव्वा मीटरभर अंतर ठेवले, तर खुर्ची कोणत्याही एका बाजूला जेमतेम साडेचार अंश कलते. वर सांगितलेले दहा अंश तिला कधीच मिळत नाहीत. तरीही ती पटते, कारण शरीराला हालचालीच्या मापापेक्षा तिची वेळ महत्त्वाची वाटते. चाक खड्ड्यात जाताना जो क्षण डोळ्यांना दिसला, त्याच क्षणी कंबरेला धक्का मिळाला पाहिजे. तो मागाहून आला की घाटातल्या एसटीत होते तेच घरात होते: गाडी लागते! म्हणून नवशिका खुर्ची जास्तीत जास्त हलवू पाहतो आणि जाणता माणूस ती कमी करत नेतो.

ज्यांच्या खिशाला हे झेपत नाही, ते गाडीच्या वायपरच्या मोटरी, दोन तरफा आणि आर्डुइनो नावाचे छोटे नियंत्रक घेऊन फक्त सीट हलवतात. हे काम काही हजारांत जमते. चार सर्व्हो पायांचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. बाजारात रुग्णालयातल्या खाटा वर-खाली करणारे दट्टेही मिळतात आणि अनेकांना त्यांचा मोह पडतो. ताकद त्यांच्यात भरपूर, पण चाल गोगलगायीची. खड्डा मागे पडल्यावर ते उठू लागतात.

वीज गेली तर?

आता जो मुद्दा कुटुंबाने नीट ऐकायला हवा तो. गाडीचे चाक बदलताना आपण स्क्रू जॅक वापरतो. दांडा सोडून दिला तरी गाडी खाली येत नाही, कारण साध्या आट्यांचे घर्षण तिला धरून ठेवते. बॉल स्क्रूत हे घर्षण जवळजवळ नसतेच. म्हणून तर तो चपळ. पण म्हणूनच वीज गेली की भाराखाली तो उलटा फिरतो आणि माणसासकट खुर्ची खाली बसते. त्या वेळी चौकटीखाली कोणाचा पाय, रांगते मूल किंवा घरातले मांजर असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून शहाणा कारागीर वेगाच्या आधी थांबण्याचा विचार करतो. बसणाऱ्याच्या हाताला सहज लागेल असे लाल बटण हवे. पाय नळीच्या टोकाला आपटण्याआधी थांबवणारी मर्यादा हवी. सुरुवात हळूहळू व्हायला हवी. जमिनीशी पक्के अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा ब्रेकर हवा. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ धोकादायक दाब साठून राहतो, तेव्हा लगेच हात घालायचा नाही. चारही मोटरी एकाच वेळी पूर्ण जोरात चालल्या तर तीन किलोवॅट लागतात, हे लक्षात ठेवून वायरिंग करायचे. आणि खुर्ची चालू असताना भोवती मुलांना फिरकू द्यायचे नाही. हलणारे यंत्र घरात आणले की घर हा कारखाना होतो. मग कारखान्याची शिस्तही घरात यायला हवी.

खटाटोप कशासाठी?

याने कोणी उत्तम चालक होतो काय? तसा दावा करणे धाडसाचे ठरेल. व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून २०११ मध्ये निवडला गेलेला जॅन मार्डनबरो पुढे खऱ्या शर्यतींत उतरला आणि २०१३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आलेल्या संघात होता. त्याच्या वाटचालीचे श्रेय हलत्या खुर्चीला देता येत नाही. घरबसल्या शर्यती खेळणारे अनेक वेगवान खेळाडू स्थिर सीटच पसंत करतात. वैमानिकांच्या शिक्षणात हलत्या मंचाचा नेमका किती उपयोग होतो, यावरही तज्ज्ञांत वाद आहेत.

खरा लाभ बसणाऱ्यापेक्षा बांधणाऱ्याला होतो. गणपतीच्या हलत्या देखाव्यांसाठी मोटर, पट्टा आणि तरफ यांची जुळवाजुळव करत रात्री जागवणारी मुले आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांतल्या कित्येकांना यंत्राची गोडी मंडळाच्या मांडवातच लागली. ही खुर्ची म्हणजे त्याच हौसेची पुढची इयत्ता. तिच्यात सुताराचे माप आहे, फिटरचा हात आहे, विजेचे भान आहे, गणित आहे आणि माणसाच्या देहाचा अभ्यासही आहे. यातले काही कच्चे राहिले तर खुर्ची ते लगेच सांगते. ती थरथरते, अडते किंवा मळमळ आणते.

तेव्हा घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी असा घाट घालत असेल, तर ‘हे कशाला?’ याऐवजी ‘वीज गेली तर काय होईल?’ हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर ज्याच्यापाशी तयार आहे, त्याच्या हाती खेळणे असले तरी डोके अभियंत्याचे आहे असे समजायला हरकत नाही. एडविन लिंकच्या खोक्यालाही लोक बरीच वर्षे खेळणेच समजत होते.