सामायिक स्प्रेडशीट आणि नकलेचा प्रश्न : मावळातील भूमि-अभिलेखांच्या संदर्भात

एकाच संशोधनप्रकल्पात अनेक अभ्यासक काम करीत असले म्हणजे संकलित माहिती आज बहुधा एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये ठेवली जाते. ती सर्वांना वाचता यावी, परंतु कोणी तिची नक्कल करून बाहेर नेऊ नये, अशी प्रकल्पप्रमुखाची अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होऊ शकते आणि जेथे ती पुरी होत नाही तेथे कोणता मार्ग उरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नकलेचा प्रश्न महसुली दप्तराला जुनाच आहे. मावळ तालुक्यातील कोणत्याही गावचा सातबारा घेतला तर त्यात गाव नमुना ७, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंदवही, यांचा संयोग असतो. पूर्वी हे मूळ दप्तर तलाठ्याच्या ताब्यात असे व खातेदाराला मिळे ती त्याची नक्कल. तिला किंमत येई ती सही-शिक्क्यामुळे. आता गट क्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा विनामूल्य पाहता येतो. मात्र असा विनास्वाक्षरीचा उतारा शासकीय वा कायदेशीर कामासाठी नाही, असे तेथेच नमूद केलेले असते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला व त्याची सत्यता पडताळण्याची सोयही झाली. शासनाने येथे नक्कल थांबविण्याचा प्रयत्न केला नाही; नकलेचे प्रामाण्य तेवढे राखले.

संशोधकाची अडचण याहून वेगळी आहे. त्याला केवळ प्रामाण्य राखून भागत नाही; गुप्तताही राखावी लागते. समजा, पवना जलाशयाभोवतीच्या गावांतील कुटुंबांची पाहणी केली आणि तक्त्यात गट क्रमांक, क्षेत्र, कर्ज, भाऊबंदकीचे वाद व जमीन विकण्याची तयारी असे स्तंभ केले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि लोणावळा-खंडाळा परिसरातील बंगल्यांची मागणी यांमुळे या तालुक्यात जमिनीला मोठा भाव आहे. कर्जबाजारी व विकावयास तयार अशा खातेदारांची यादी दलालाच्या हाती पडली, तर विश्वासाने माहिती देणाऱ्या कुटुंबाचेच नुकसान होईल.

आता उपलब्ध कुलपांचे सामर्थ्य पाहू. गुगल शीट्समध्ये केवळ वाचण्याची वा टिप्पणी करण्याची परवानगी असलेल्यांसाठी डाउनलोड, मुद्रण आणि नक्कल यांच्या सोयी मालकाला बंद करता येतात. त्यामुळे सहज होणारी नक्कल टळते. परंतु पडद्याचे छायाचित्र घेणे किंवा आकडे हाताने उतरविणे टळत नाही. 'संरक्षित' केलेले रकाने केवळ बदलापासून सुरक्षित असतात, वाचनापासून नव्हे. एक्सेलमधील पत्रकाचे संरक्षणही याच जातीचे आहे. त्याची फाइल मुळात अनेक लहान फाइलींचे संपीडित गाठोडे असते. गाठोडे सोडून संरक्षणाची खूण पुसली की कुलूप नाहीसे होते. फाइल उघडण्यासाठीच घातलेला पासवर्ड मात्र आतील मजकूर खरोखर कूटबद्ध करतो. तथापि ज्याला तो पासवर्ड दिला, त्याच्या हाती सर्वच आले.

लपविलेल्या पत्रकावर विसंबणे तर अधिकच धोक्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल पाठविली. तिच्यात एक लपलेले पत्रक राहून गेले होते. परिणामी ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे व नेमणुका जाहीर झाल्या. येथे कोणी कुलूप फोडले नव्हते; दार मुळात लावलेलेच नव्हते.

नावे गाळली म्हणजे पुरे, हा समजही मावळात टिकत नाही. तक्त्यात गाव व गट क्रमांक राहिले, तर सार्वजनिक सातबाऱ्यावरून खातेदाराचे नाव काही क्षणांत कळते. गट क्रमांक काढला तरी लहान गावात अचूक क्षेत्रफळावरूनही कुटुंब ओळखू येते. दोन निरुपद्रवी कागद शेजारी ठेवले म्हणजे तिसरा, उपद्रवी कागद तयार होतो.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, जे वाचावयास दिले ते नक्कल करावयास दिले, असेच धरून चालले पाहिजे. म्हणून संरक्षणाचे काम फाइल देण्यापूर्वी करावयाचे असते. मूळ तक्ता एक-दोन जबाबदार व्यक्तींकडेच असावा. गट क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक घालावेत आणि त्यांची किल्ली निराळ्या, कूटबद्ध फाइलीत ठेवावी. क्षेत्र नेमके न देता वर्गांतराने द्यावे. प्रत्येक सहकाऱ्याला त्याच्या कामापुरते स्तंभ स्वतंत्र फाइलीत, सूत्रे नव्हे तर केवळ मूल्ये म्हणून, द्यावेत. गुगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंज या सूत्राने दोन फाइली जोडून परवानगी दिली, तर दुसऱ्या फाइलीत संपादन करणाऱ्याला पहिल्या फाइलीचा कोणताही भाग ओढून घेता येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. एक्सेलच्या पिव्हट सारणीतही मूळ नोंदी दडून राहू शकतात.

कुलपे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. अनवधानाने होणारी नक्कल व चुकीचे फेरफार ती रोखतात, आणि तेवढ्यापुरती ती लावलीच पाहिजेत. परंतु हेतुपुरस्सर नक्कल करणाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. पाहणीस गेलेल्या विद्यार्थ्याला ओसरीवर बसवून आपले कर्ज सांगणारा शेतकरी कोणत्याही पासवर्डवर विश्वास ठेवीत नसतो. तो समोरच्या माणसावर ठेवतो. त्या विश्वासाचे रक्षण तक्त्यात काय लिहावे आणि काय लिहू नये, या पहिल्या निर्णयापासूनच सुरू होते.