फोटोत काकू कुठे?

"मॅडम, हॉल नाही, दारातच मांडव आहे," तळेगाव ढमढेरेची नवरी फोनवर बिचकतच म्हणाली. जाऊन पाहते तर काय! आंब्याचे डहाळे, उसाची कमान, जुन्या साड्यांच्या झालरी, रुखवतात लोकरीचं तोरण. सारं विधवा काकूंच्या हातचं. हळदीला मात्र काकू स्वयंपाकघरात! २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानेही इतर गावांना तसं आवाहन केलं. पण मांडवात बोलणार कोण? मी कॅमेरा खाली ठेवला. "काकू आल्याशिवाय फोटो नाही." सगळे गप्प. मग नवरीच उठली, हात धरून त्यांना घेऊन आली. पहिली हळद काकूंनी लावली. अल्बमचं पहिलं पान तेच! मैत्रिणींनो, तुमच्या अल्बममध्ये कोण राहून गेलंय?