नोकरी सांभाळून ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’: हे मास्टर्स नेमकं कशाचं?

अमेरिकेत बरेच शाळाशिक्षक नोकरी करता करता ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’मध्ये मास्टर्स करतात. नाव जड, अर्थ सोपा: काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं.

राल्फ टायलर यांनी 1949 मध्ये एका छोट्या पुस्तकात चार प्रश्न मांडले. शाळेला साधायचंय काय? त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे? त्यांची मांडणी कशी करायची? आणि साधलं की नाही, हे कळणार कसं?

1998 मध्ये विगिन्स आणि मॅकटाय यांनी यातला शेवटचा प्रश्न वर ओढला. आधी ध्येय, मग पुरावा, धड्याची आखणी सगळ्यात शेवटी. आम्ही कोडवाले कधी कधी आधी टेस्ट लिहितो आणि मग कोड, तसंच.

आता अपूर्णांक घ्या. ‘धडा संपवला’ हे काही ध्येय झालं नाही. ‘1/3 मोठा की 1/4, हे मूल चित्र काढून पटवून देतं’, हा झाला पुरावा. तो ठरला की कागदाच्या घड्या घालायच्या की फळ्यावर गणितं सोडवायची, हे ठरवणं सोपं जातं.

कोर्स साधारण 30 ते 36 क्रेडिटचा. वर्ग संध्याकाळी, उन्हाळी सुट्टीत किंवा ऑनलाइन. नोकरी चालू असल्याचा इथे फायदाच होतो, रात्री शिकलेलं सकाळी वर्गात तपासता येतं. अनेक ठिकाणी मास्टर्सला पगारही वाढतो.

पण फी आणि वेळ तुमचा जाणार. म्हणून प्रवेशाआधी एवढं विचाराच: असाइनमेंट माझ्याच वर्गावर करता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर डिग्री मिळेल, पण उद्याचा तास होता तसाच राहील.