पोर्टची गोडी

घरोघरीं पाणी सांठविण्याचें जें पिंप असतें, त्याचें नांव मूळचें पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांच्या संगतीनें जे अनेक शब्द मराठींत आले, त्यांतच त्यांच्या 'पीपा'चें पिंप झालें. पोर्तुगालांतील दोरू नदीच्या खोऱ्यांत मात्र पिंपाचा संबंध पाण्याशीं नसून पोर्ट नांवाच्या गोड द्राक्षासवाशीं आहे. तेथें एक पिंप म्हणजे ५५० लिटर, असें मापच ठरलेलें आहे.

हें खोरें डोंगराळ आहे. अटलांटिकवरून येणारे पावसाचे ढग पश्चिमेकडील मारांव पर्वतावर अडतात. त्यामुळें, सह्याद्रि ओलांडून देशावर उतरणाऱ्यास जो फरक जाणवतो, तसाच फरक येथेंही दिसतो. उन्हाळा कडक आणि पाऊस थोडा. जमीन म्हणजे पाटीच्या दगडासारखा थरांनीं सुटणारा खडक. तो फोडून, उतारावर दगडी ताली रचून, त्यांमागें वेल लाविले आहेत. खडकाच्या भेगांतून मुळें खोल जातात व ओल शोधतात. अशा वेलीस द्राक्षें थोडीं लागतात; पण तीं जाड सालीचीं, गडद रंगाचीं व अतिशय गोड असतात.

सप्टेंबरांत तोडणी सुरू होते. उतार इतके उभे आहेत कीं, पुष्कळ ठिकाणीं हातानेंच घड तोडावे लागतात. जुन्या पद्धतीच्या मळ्यांत तीं द्राक्षें दगडी हौदांत टाकून पायांनीं तुडवितात. माणसें एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून, ओळीनें, संथ पावलें टाकीत असतात. पायाखालीं साल चांगली मळली जाते, पण बी फुटत नाहीं. बी फुटलें तर रस कडवट होतो. आतां बरेचसें काम यंत्रें करितात. त्यांपैकीं कांहींची रचना पावलांचेंच अनुकरण करणारी असते.

तुडविण्याची एवढी घाई कां, याचें उत्तर पुढील क्रियेंत आहे. रस आंबूं लागला म्हणजे त्यांतील किण्व साखर खाऊन तिचा मद्यार्क बनवितें. सामान्य द्राक्षासवांत ही क्रिया साखर संपेपर्यंत चालूं देतात. पोर्ट करितांना निम्मी साखर उरली असतांनाच, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, रस काढून घेतात व त्यांत द्राक्षांचाच सुमारें ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क मिसळतात. ४३५ लिटर रसास ११५ लिटर मद्यार्क, असें साधारण प्रमाण असतें. दोन्ही मिळून पिंप भरतें. एकूण तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास जातांच किण्व मरतें आणि उरलेली साखर तशीच राहते. तेव्हां पोर्टची गोडी वरून घातलेली नसते, ती वेळेवर राखलेली असते. कांहीं तास आधीं थांबविल्यास पेय अति गोड होतें, उशीर झाल्यास गोडी निघून जाते. सालीचा रंग व तुरटपणा याच दोन-तीन दिवसांत उतरावा लागतो, म्हणून ती घाई.

परंतु असें मिसळणें ही कला कीं भेसळ, हा वाद जुना आहे. अठराव्या शतकांत व्यापारी निकृष्ट रसास एल्डर नांवाच्या झाडाच्या काळ्या फळांनीं रंग आणूं लागले. मालाची पत गेली आणि भाव कोसळले. तेव्हां १७५६ मध्यें पोंबाल या मंत्र्यानें सरकारी सनदेची कंपनी स्थापून या प्रदेशाची सीमा आंखण्यास आरंभ केला. सीमेवर दगडी खांब रोविले गेले व एल्डरचीं झाडें उपटविण्यांत आलीं. पुढें जोसेफ फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्यानें, ज्यानें या नदीचा उत्तम नकाशा काढला, १८४४ मध्यें मद्यार्क मिसळण्यावरच हल्ला चढविला. चांगल्या रसास असा टेकू लागत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. १८६१ मध्यें त्याच नदीच्या वालेइरा येथील खळाळांत होडी उलटून तो बुडाला. त्याचें मत मागें पडलें.

तथापि त्याच्या आक्षेपांत तथ्य होतें. फळांचा रंग द्राक्षाची उणीव झांकतो, मद्यार्क द्राक्षाची स्वतःची गोडी राखतो, हा भेद खराच. पण गोडी आणि तीव्रता यांच्या आड हलकें द्राक्षही लपूं शकतें. म्हणूनच तेथें प्रत्येक मळ्यास माती, उंची, उतार, वेलींचें वय इत्यादि पाहून गुण देतात. त्यावरून त्या मळ्याच्या किती रसाचा पोर्ट करावा हें ठरतें. उरलेल्या रसाचें साधें द्राक्षासव होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें येथील वेलींचीं मुळें खाऊन टाकलीं. अमेरिकन मुळांवर कलमें बांधून लागवड पुन्हां उभी राहिली. परंतु त्या वेळीं ओस पडलेल्या कित्येक ताली अद्याप झुडपांखालीं दिसतात. खडक फोडून त्या रचणाऱ्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.  पोर्टचें नांव खरें ठेवण्यासाठीं सीमेवरील ते दगडी खांब रोविले गेले होते.